पायांची खोली

डॉक्टरकी सोडून मला बरीच वर्षं झाली. स्टेथस्कोप नातवानं खेळून खेळून तोडला, मायक्रोस्कोप एका शाळेला देऊन टाकला. किस्से मात्र कुणी घेऊन जात नाही. ते साचतच राहतात, आणि एक सांगायला घेतला की त्याच्या मागं दुसरा येऊन उभा राहतो.

संध्याकाळी लातूरला आम्हा रिटायर लोकांचा अड्डा बसतो. त्यात हल्ली अधूनमधून कुणाला तरी शुगर निघते. मग घरच्या घरी बोट टोचायच्या मशीनच्या गप्पा होतात आणि कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, तुमच्या त्या निजामाच्या दवाखान्यातलं काहीतरी सांगा." मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. मला मात्र दरवेळी नव्यानं राग येतो. आता तुम्हीही बसलाच आहात, तर तो ऐकून घ्या.

निजामी राजवटीची शेवटची वर्षं. हैदराबादहून डॉक्टरकी शिकून मी नांदेडच्या एका दवाखान्यात लागलो होतो. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. साखरेच्या आजारानं ज्यांचे पाय सडले ते सगळे तिथं. वास असा की पुढच्या दारानं येणारा माणूस नाकाला रुमाल लावायचा. त्या खोलीला सगळे 'पायांची खोली' म्हणत. माणसांची कुणी म्हणत नसे.

खोलीत काम करणारे आम्ही दोघं. मी, आणि जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे ड्रेसर अमीनमियाँ. आमच्या वर मोठे डॉक्टरसाहेब.

रक्तातली साखर मोजायची सोय तेव्हा हैदराबादेत. आमच्याकडं लघवीवरून ताडायचं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर माझी झोप उडालीच. मग बोट टोचून रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरायचा. जखम आत सडत चालली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. दुखणं लांबलं, अंगाला अन्न लागलं नाही, की तांबड्या कमी होतात. रोगी काय वाटेल ते सांगो, नातेवाईक काय वाटेल ते सांगो, माझा विश्वास या थेंबावर.

मोठ्या डॉक्टरसाहेबांचा हात करवतीवर बसलेला. "मियाँ, टांग बचाते बचाते आदमी चला जाता," असं ते म्हणत, आणि खोटं म्हणत नसत. मी म्हणे, थांबून बघू. रोजची भांडणं. शेवटी आमच्यात ठरलं, की पांढऱ्या पेशी वाढताना दिसल्या तर पाय त्यांचा, वाढत नसल्या तर पाय माझा. हा करार त्यांनी कधी मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं, असं एकदाच वाटलं. ते शेवटी सांगतो.

*

उदगीरला शिवलिंगप्पांची धान्याची आडत होती. डाव्या टाचेत लिंबू बसेल एवढी जखम घेऊन आप्पा आमच्याकडं आले. त्यांना भेटायला रोज अर्धं उदगीर लोटायचं. मी त्यांचं जेवण बांधून दिलं होतं, ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, ताक. नळी विटकरीची हिरवी झाली. मी खूश. आणि मग एकदम पुन्हा विटकरी!

"आप्पा, काय खाल्लं?"

"भाकर. तुम्ही सांगितली तेवढीच."

"गोड?"

"शिवाची आण साहेब, गोडाला हात लावला न्हाई."

मी त्यांची उशी उचलली. खाली पेढे, खडीसाखर, बत्ताशे, खोबऱ्याच्या वड्या. गावातल्या एकूण एक देवळाचं काहीतरी होतं तिथं.

"मग हे काय आहे?"

आप्पांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. म्हणाले, "हा परसाद हाय साहेब. परसादाला कुणी गोड म्हणतं का?"

सगळं उचलून मी बाहेर गाईपुढं टाकलं. खोलीतले सगळे रोगी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढं आप्पांची दोन बोटं काढावी लागली, तरी बत्ताशे येतच राहिले.

*

लातूरचे एक मास्तर होते. अंगठ्याला जखम. शिकलेला माणूस, म्हणून मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, निळं का होतं, विटकरी का होतं. त्यांनी मान डोलावून ऐकलं. पहिल्यांदाच वाटलं की चला, एक तरी माणूस भेटला.

दर महिन्याला ते लातूरहून तपासायला येत. नळी निळी! निळी म्हणजे कशी, औषध बाटलीतून आत्ताच ओतल्यासारखी. आणि जखम मात्र दर महिन्याला मोठी. मी डोकं धरून बसायचो.

एकदा तपासणी झाल्यावर काही कामानं बाजारात गेलो, तर मास्तर हलवायाच्या ओट्यावर बसून जिलबी खात होते. समोर आणखी एक पुडा बांधून ठेवलेला.

"मास्तर, हे काय चाललंय?"

ते जरासुद्धा गडबडले नाहीत. म्हणाले, "तपासणीच्या आधी चार रोज मी धड भाकरीसुद्धा खात नाही साहेब. एकदा परीक्षा पास झाल्यावर पुस्तक कोण उघडतं?"

सबंध महिना हा माणूस जिलबी खायचा, आणि चार दिवस उपाशी राहून मला पास व्हायचा! मी रस्त्यातच ओरडलो. हलवाई मध्ये पडला आणि म्हणाला, जाऊ द्या साहेब, मोठा माणूस हाय. अंगठा गेला. त्यानंतरही त्यांची नळी निळीच यायची.

*

आमच्या रोग्यांसाठी अमीनमियाँनी एका चांभाराकडून मऊ चपला करून घेतल्या होत्या. आतून जुन्या कांबळ्याचा थर. ज्याच्या पायाला काही कळत नाही त्यानं अनवाणी चालायचं म्हणजे काटा रुतला तरी पत्ता नाही. जाताना प्रत्येकाला बजावून चपला घालूनच पाठवायचो.

देगलूरकडचा एक माणूस जखम भरून घरी गेला. पावसाळा संपता संपता पुन्हा दारात. त्याच पायाला नवी जखम, आत बाभळीचा काटा. चपला दिसेनात.

"चपला कुठायत?"

त्यानं काखेतून काढून दाखवल्या. कोऱ्या करकरीत. देगलूरहून काखेत मारून आला होता.

"पायात का घातल्या नाहीस?"

"झिजतील की साहेब. लई चांगल्या हायेत."

अमीनमियाँ बिचारे शांत माणूस. त्या दिवशी पट्टीची कात्री आपटून बाहेर निघून गेले.

*

एका सासूबाईंनी सुनेच्या पायातल्या जखमेत गूळ आणि चुना कालवून भरला होता. मुका मार लागला की लावतात तसा. साखरेनं सडलेल्या पायात गूळ! पट्टी सोडली तर आत मुंग्यांची रांग. सून भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी सासूबाईंना म्हटलं, "अहो, मुंग्या लागल्यात हिला, दिसत नाही का?"

"दिसत्यात की," सासूबाई म्हणाल्या. "त्याच घाण खाऊन राहिल्यात. म्या रोज मोजून गूळ भरते, कमी पडू देत न्हाई."

त्या सुनेचा पाय मी वाचवला. सासूबाई गावभर सांगत फिरल्या, की मुंग्यांनी वाचवला.

*

चाकूरजवळच्या एका गावचा ज्ञानोबा. साखरेनं त्याच्या पायांची जाणीवच गेली होती. चुलीतला निखारा पायावर पडला तर वास येईपर्यंत त्याला कळायचं नाही. अशा माणसाला धरून दवाखान्यात न्यायला हवं. गावानं त्याला धरून जत्रेत नेलं.

त्या गावच्या जत्रेत पेटत्या इंगळावरून चालायची रीत होती. लोक देवाचं नाव घेऊन पळत पळत पार व्हायचे. ज्ञानोबा सावकाश चालला. मध्येच थांबून ओळखीच्यांना रामराम घातला. गावानं तोंडात बोटं घातली. देव अंगात असल्याशिवाय असं होतं का? त्याला फेटा बांधला, नारळ दिला. पुढच्या जत्रेला आजूबाजूची गावं त्याला बघायला आली. त्याच्या पुढच्या जत्रेला काही पाहुण्यांना यायला उशीर झाला, म्हणून त्याला पुन्हा एकदा चालवला!

मग तो माझ्यापुढं आला. तळव्याची कातडी गेलेली, आत हाड दिसत होतं, आणि हा हसतोय. "काईच दुखत न्हाई साहेब." मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पांढऱ्या पेशींची बाजाराच्या दिवसासारखी दाटी. करार होता, पाय मोठ्या डॉक्टरसाहेबांचा झाला.

गावचा पाटील भेटायला आला. मला वाटलं, ज्ञानोबाच्या बायकापोरांचं काय, याची चौकशी करायला आला असेल. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, ह्याचा धाकला भाऊ हाय. त्याच्या बी लघवीला मुंग्या लागून राहिल्यात म्हणं. त्याला औषध जरा दमानं द्या. जत्रा होऊ द्या."

त्या पाटलाला मी खोलीबाहेर ढकललं. सरकारी नोकरीत असताना पाटलाच्या अंगाला हात लावला म्हणून माझी तक्रार झाली. तक्रारीला मी भीक घातली नाही.

*

एकदा हैदराबादहून एक बडे अधिकारी दवाखाना तपासायला आले. मोठे डॉक्टरसाहेब एरवी वाघ, पण हैदराबादचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा. सकाळपासून ऊद जाळून झाला, फिनेल ओतून झालं, तरी मागच्या खोलीचा वास हटेना. शेवटी त्यांनी पायांच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं. आत रोगी तसेच. मी भांडलो, तर मला म्हणाले, "घंटे भर की बात है, मियाँ."

अधिकारी फिरत फिरत मागं आले. नाक वर केलं. "ये बू काहे की?"

मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले, "हुजूर, गोदाम है. बावर्चीखाने का प्याज रखा है. जरा सड गया."

"तो फेंकवा देव," अधिकारी म्हणाले आणि पुढं निघाले.

तेवढ्यात आतून शिवलिंगप्पांचा आवाज आला, खणखणीत, आडतीवर लिलाव पुकारताना यायचा तसा. "हुजूर, कांद्यांना तहान लागलीय. फेकायच्या आधी पाणी तेवढं पाजा."

अड्ड्यावर हाच किस्सा लोकांना सगळ्यात आवडतो. अधिकाऱ्याचं तोंड कसं झालं, मोठ्या डॉक्टरसाहेबांचं कसं झालं, ते मला नक्कल करून दाखवायला लावतात. आत माणसं किती वेळ पाण्यावाचून होती, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

*

आता शेवटचा. हा मी अड्ड्यावर सांगत नाही.

देगलूरच्या दवाखान्यात माझा दर आठवड्याला दौरा असायचा. तिथून जवळच्या एका गावच्या देशमुखांचं बोलावणं आलं. देशमुखीणबाईंच्या पायाला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. घरात कडक गोषा. गढीतल्या आतल्या खोलीत जाड पडदा लावलेला, पलीकडं बाई, अलीकडं मी. पडद्याखालून एक पाय बाहेर आला. अंगठ्याच्या तळाशी खोल भोक, कडा पांढऱ्याफटक. असा पाय मी झोपेतसुद्धा ओळखला असता. साखर.

लघवी मागितली, आतून बाटली आली. रक्तासाठी बोट मागितलं, पडद्याच्या फटीतून बोटाचं टोक तेवढं बाहेर आलं. बोट खरबरीत होतं. देशमुखांच्या घरची झाली तरी चूल कुणाला सुटते, असं मी समजलो. टोचल्यावर बाईंनी हूं की चूं केलं नाही.

देगलूरच्या दवाखान्यात दिवा पेटवून नळी धरली. निळी. पुन्हा केली. निळी! साखरेचा पत्ता नाही. रक्त बघितलं तर पांढऱ्या पेशी जागच्या जागी शांत. आणि तांबड्या मात्र इतक्या कमी, की दुष्काळातल्या माणसाच्या अंगात असाव्यात तशा. मी चक्रावलो. पण माझा विश्वास थेंबावर. मी असं धरलं की ही जखम साखरेची नव्हेच. अंगात रक्त नाही म्हणून भरत नाही.

देशमुखांना सांगितलं, "बाईंना चांगलं खाऊ घाला. दूध, अंडी, खजूर, गूळ-शेंगदाणे. हात आखडू नका."

देशमुखांचा चेहरा फुलला. "हे तर आमच्या घरचंच औषध झालं डाक्टरसाहेब. आधीच्या वैद्यानं बाईचा गूळ बंद केला व्हता. आजपासून चालू करतो."

पुढच्या आठवड्यात पुन्हा पडदा, पुन्हा बोट. नळी निळी, पांढऱ्या पेशी शांत, तांबड्या आणखी कमी. मी दूध वाढवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात अंगठा काळा पडलेला. रक्त म्हणतंय सगळं ठीक, डोळे म्हणतायत पाय चालला. नांदेडला येऊन मी मोठ्या डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "काट देव." मी म्हटलं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, पाय माझा. त्यावर ते म्हणाले, "ठीक है. जबान दी है."

मग एका सकाळी बैलांची, पडदा लावलेली दमणी नांदेडच्या दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. बाईंना उचलून जनाना वॉर्डात नेलं. हाक मारली तर ओ देत नव्हत्या, श्वास जोरजोरात चाललेला. जनाना वॉर्डातल्या सिस्टरनं स्वतःच्या हातानं लघवी आणि रक्त घेऊन माझ्याकडं पाठवलं. नळी दिव्यावर धरली न धरली तोच विटकरी. पांढऱ्या पेशी मोजून संपत नव्हत्या.

मी वॉर्डात पळालो. आता कसला गोषा! बाईंचे दोन्ही हात हातात घेऊन बघितले. मऊ, गोरे हात. दर आठवड्याला मी टोचत आलो होतो आणि सिस्टरनं नुकतंच टोचलेलं एक बोट सोडलं तर एकाही बोटाला सुईची खूण नव्हती.

देशमुख व्हरांड्यात बसले होते. मी विचारलं, "मी रक्त कुणाचं घेत होतो?"

"भागीचं," ते म्हणाले. लपवाछपवी काही नाही. मला हे ठाऊक नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

भागी म्हणजे गढीतली कामवाली. खांबाला टेकून उभी होती, पदर पुढं ओढलेला. चेहऱ्याचा रंग पिठासारखा. देशमुख मला सांगू लागले. "आमच्यात बाईसाहेबांचं सगळं हीच करती. एकादशी हीच धरती, चतुर्थी हीच धरती, सोमवार हीच. आईसाहेबांचे उपास बी हिच्याकडंच हायेत. अनवाणी चालायचा नवस व्हता, तव्हा हीच गेली. देवाला चालतं. मंग सुई टोचायची म्हणल्यावर बाईसाहेब कशाला बसतील? आन् त्यांची लघवी काय सरकारी दवाखान्यात देऊ?"

घरातल्या सगळ्या बायकांचे उपवास ही एकटी करत होती. मी दूध सांगितलं ते हिच्या रक्ताला, अंडी सांगितली ती हिच्या रक्ताला, आणि ते सगळं जात होतं पडद्यापलीकडच्या साखरेत. इन्शुलिन द्यायच्या ऐवजी त्या बाईला मी गूळ खायला लावला होता. आणि हिला कुणी भाकरीसुद्धा विचारली नव्हती.

मी देशमुखांना काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. व्हरांड्यात माणसं जमली. माझं बोलून संपल्यावर देशमुख भागीकडं वळले आणि म्हणाले, "तुझ्या रगतानं दगा दिला बघ." भागीनं मान खाली घातली.

इन्शुलिननं बाई शुद्धीवर आल्या. पाय मात्र आता माझा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याच्या वरून काढायचं ठरलं. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. "तुम बाजू में खडे रहो," एवढंच म्हणाले.

सकाळी आत हत्यारं उकळायला ठेवलेली. मी माझ्या टेबलाशी हात धूत होतो. मागं चाहूल लागली म्हणून वळलो, तर दारात भागी. ती कधी कुणाशी बोलायची नाही. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"साहेब, येक डाव फिरून तपासता का?"

"काय तपासू?"

"माजं रगत. काल एकादस व्हती, बाईसाहेबांची. म्या मोडली. इथल्या बावर्च्याला मागून पोटभर भाकर खाल्ली. लई खाल्ली साहेब. पाप लागलं तर मला लागंल. आता रगत चांगलं निघंल, बगा तर खरं. मंग त्यांचा पाय ऱ्हाईल."

असं म्हणून तिनं बोट पदराला पुसलं आणि माझ्यापुढं धरलं.